सुताचा कोळसा, प्लॅटिनमची तार

१२ जाने., सोम.
आकडा आला! आप्पांच्या मागावरचं वाया गेलेलं सूत, त्यात लोखंडाचा क्षार, भट्टीत घालून केलेला कोळसा. हायड्रोजनच्या सेलमध्ये महागड्या प्लॅटिनमऐवजी हा चालेल का, एवढ्याच प्रश्नावर पीएच.डी. अडलीय. आज त्याचा आकडा प्लॅटिनमच्या अगदी जवळ! गाईड मॅडम म्हणाल्या, पेपर लिहायला घे. मी आधी घरी आप्पांना फोन केला. राहवलंच नाही.

१४ जाने., बुध.
आप्पांनी वडगावात गल्लीभर खव्याचा कुंदा वाटला. "आमच्या सुतावर गाडी पळणार!" मी नको नको म्हणतेय, ऐकतंय कोण. निम्मे माग बंद पडलेत. कित्येक महिन्यांनी त्यांना असं हसताना पाहिलं.

१९ जाने., सोम.
पुन्हा चाचणी. जितकी जास्त चालवावी तितका कोळसा सुधारतोय. सुधारतोय?? ॲसिडात बसून माल खराब व्हायला हवा. मग सेलमध्ये कोळशासमोर बसवलेल्या तारेकडं लक्ष गेलं. तार प्लॅटिनमची. तीच विरघळून आमच्या कोळशावर बसत असेल तर...
इतकी साधी चूक. गप्प बसावं, असंही क्षणभर वाटलं.

२१ जाने., बुध.
नवा कोळसा घेतला, तारेच्या जागी ग्रॅफाइटची कांडी. आकडा धाडकन खाली. रडले. मॅडमना सांगितलं. त्यांनी चहा मागवला. "ती तार मीच दिलेली गं तुला." पेपर बाजूला.
अगदीच शून्य नाही पण. थोडं काम कोळसा स्वतःच्या जिवावर करतोय. पुरेसं नाही.

२५ जाने., रवि.
आप्पांनी माग थांबवून ऐकलं.
"म्हंजे आमच्या सुताचं कायच न्हाय?"
"थोडं हाय, आप्पा. लई न्हाय."
रात्री जेवले कमीच. फार वाईट वाटलं.

१ फेब्रु., रवि.
शेजारच्या आक्का दारातच. "काय गं, गाडी कवा पळणार?"
मी तोंड उघडायच्या आत आप्पा: "त्यो आकडा खोटा निघाला, आक्का. आमच्या पोरीनंच पकडला."
कुंदा वाटताना होता, अगदी तोच आवाज. कुठं बघावं कळेना.
निघताना स्कूटरला सुताची पिशवी अडकवून दिली. या खेपेला रंगीत धागे निवडून काढलेत, पांढरंच ठेवलंय.
उद्या भट्टी लावते. कांडी ग्रॅफाइटचीच.