चौथी नस रजेवर

तीर्थस्वरूप दादांना,

वाकड्या मानेने, पण सरळ मनाने केलेला नमस्कार पोचावा. तुमचा गुडघा, वहिनींची ॲसिडिटी आणि चष्म्याच्या दुकानातलं ते काचा घासायचं यंत्र, या तिघांच्या तब्येती कशा आहेत ते सवडीने कळवावं. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. (सुरुवातीला असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. खुलासा पुढे आहे.) हे पत्र मी कपाटाच्या दारावर कागद चिकटवून उभ्याने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नयेत. खाली बघून लिहायला गेलो की एका ओळीच्या दोन ओळी दिसतात, एकीवर एक, आणि त्यातली खरी कोणती ते पेन टेकल्याशिवाय कळत नाही. माझ्या नव्या चष्म्याचा नंबर तुमच्या बहिणीने तुम्हाला फोनवर कळवलाच आहे. पण फोनवर ती तिची बाजू सांगते आणि मी मागे उभा असतो, म्हणून माझी बाजू लेखी देतो आहे.

झालं ते असं. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं दार उघडं होतं (ते कोणी उघडं ठेवलं यावर घरात अजून एकमत नाही) आणि मी खाली पडलेलं झाकण उचलून ताठ झालो. आवाज बराच मोठा झाला, पण रक्त नाही, टेंगूळही बेताचंच, म्हणून मी नेहमीप्रमाणे ऑफिसला गेलो. संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना एका पायरीच्या जागी दोन दिसायला लागल्या. त्यांतली वरची मला अधिक भक्कम वाटली, म्हणून तिच्यावर पाय ठेवला. ती नव्हती. बसल्याबसल्या उरलेला जिना उतरलो तेव्हा एक शोध लागला, की मान डाव्या खांद्याकडे कलती केली की सगळं पुन्हा एकेकच दिसतं. तेव्हापासून मी मान कलतीच ठेवतो. यात कसलाही भाव नाही, फक्त सोय आहे, हे आपण लक्षात ठेवावं. बाकी कोणी ते लक्षात घेतलं नाही आणि तिथूनच सगळा घोळ झाला.

हिने मला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी सांगितलं, मेंदूतून डोक्याकडे-चेहऱ्याकडे नसांच्या बारा जोड्या निघतात आणि त्या सगळ्या एकेक करून तपासायच्या. डोळे मिटायला लावून नाकाखाली कॉफीची पूड धरली, मी कॉफी म्हणालो, पास. दात आवळायला लावले, गाल फुगवायला लावले. खांदे उडवायला सांगितले तेव्हा बाई माझ्या खांद्यांवर हातांनी दाब देत होत्या, तरी खांदे वर गेले. असे दमदार खांदे क्वचितच बघायला मिळतात म्हणाल्या. (पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर उभी हयात काढलेल्या माणसाची अकरावी नस अशीच असणार.) जीभ बाहेर काढली, तर तीही सरळ निघाली. यावर हिने बाईंकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन मी करत नाही. मग आठवी नस, म्हणजे कान. लोखंडाचा एक चिमटा कानामागे वाजवून झाला, पाठीमागून कुजबुजून झालं, आणि बाईंनी निकाल दिला की दोन्ही कान तरुण माणसासारखे आहेत.

दादा, इथे थोडं थांबून सांगायला हवं. मला डाव्या कानाने जरा कमी ऐकू येतं, अशी आमच्या घरात फार जुनी समजूत आहे. ती कशी पसरली ते मला सांगता येत नाही. मी फक्त ती कधी खोडून काढली नाही, आणि जेवताना हिच्या उजव्या हाताला बसत आलो. निकाल हिनेही ऐकला. पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली. नुसती बंद केली, पण आवाज मला दोन्ही कानांनी स्वच्छ ऐकू आला.

मग एमआरआय. एका अरुंद नळकांड्यात आडवं करून, तोंडावर पिंजरा बसवून, कानांत बोळे कोंबून मला आत सरकवलं. यंत्र चालवणारा मुलगा दर थोड्या वेळाने, काका, मान सरळ, एवढंच सांगत होता, आणि आत कोणीतरी पत्र्याची कपाटं जिन्यावरून खाली ढकलत असल्यासारखा आवाज होता. एवढं करून आलेल्या रिपोर्टात घाबरण्यासारखं काही निघालं नाही, आणि ज्या नसेवर संशय होता तिचा तर फोटोच नाही! तुमची बहीण फिल्म आणायला बाहेर गेली होती तेव्हा बाईंनी मला समजावलं, की ही चौथी नस बारांत सगळ्यात बारीक, फोटोत सहसा येतच नाही. बाकीच्या नसा मेंदूच्या देठाच्या पुढून किंवा बाजूने बाहेर पडतात. ही एकटी मागच्या दाराने निघते, निघाल्यावर बाजू बदलते आणि लांबचा वळसा घालून डोळ्यापाशी पोचते. एवढा प्रवास करून काम काय, तर डोळा खाली वळवणारा एक स्नायू सांभाळायचा. असा माणूस प्रत्येक ऑफिसात असतो, दादा, आणि तो रजेवर गेला की जिना उतरणं अवघड होतं. लांबचा रस्ता असल्यामुळे डोक्याला धक्का बसला की हिलाच आधी लागतं म्हणे. काही महिन्यांत ती बहुधा आपोआप बरी होते, तोवर तिरकस काचेचा चष्मा लावायचा. चष्मा लावला की मान सरळ होईल, असं बाई अगदी आनंदाने म्हणाल्या.

आता ऑफिस. मला तिथे सगळे भिंत म्हणतात हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मला त्याचा अभिमान होता. तक्रार आली की मी अर्ज द्या म्हणत असे आणि अर्ज आला की पोच देत असे, मधे चेहऱ्यावरची रेघ हलत नसे. आता मान कलती, हनुवटी जरा खाली. पहिल्याच दिवशी नळाला पाणी येत नाही म्हणून ओरडत आलेली एक बाई माझ्याकडे बघून मधेच थांबली आणि रडायला लागली. म्हणाली, इतकं मनापासून कोणी ऐकूनच घेतलं नव्हतं. मी तेव्हा तिच्या मागच्या घड्याळात किती वाजले ते बघत होतो. दुसऱ्या आठवड्यात खिडकीपुढे लागलेल्या रांगेत निम्म्या लोकांच्या घरी पाणी व्यवस्थित येत होतं. एक निवृत्त शिक्षक सुनेबद्दल सांगून गेले. साहेबांनी गर्दीचा जाब विचारायला केबिनमध्ये बोलावलं, मी मान कलती करून उभा राहिलो, आणि त्यांनी दार लावून घेऊन मला त्यांच्या बढतीत कोण आडवं आलं ते सगळं सांगितलं. जाब राहूनच गेला.

पण हे सगळं ठीक आहे, चालतं. मला लिहायचं आहे ते घरचं.

कानांचा निकाल लागला त्या दिवशी दवाखान्यातून घरी आलो. रात्री जेवायला बसलो तेव्हा मी कानाच्या प्रकरणाची झडती द्यायची तयारी करूनच बसलो होतो. ताट खाली, म्हणजे मान कलती करणं आलंच. हिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि ती बोलायला लागली. भांडण नाही, नुसतं बोलणं. हॉलचे पडदे तिला पहिल्या दिवसापासून आवडलेले नाहीत. कोपऱ्यावरच्या शाळेने तिला सकाळी ग्रंथालय सांभाळायला विचारलं होतं आणि घरी कोणाशी बोलायचं म्हणून तिने परस्पर नाही सांगितलं. मला यायला उशीर झाला की ती गॅलरीत उभी राहते आणि मी कोपऱ्यावर दिसलो की आत जाऊन भांडी आवरत असल्यासारखं करते. तुमच्या लहानपणी वडिलांचा चष्मा कोणी बसून मोडला आणि बोलणी कोणी खाल्ली, तेही सांगितलं. (ते वाचून आपण कुठे पाहाल ते मला इथून दिसतं आहे.) मी पहिले काही दिवस नसेमुळे मान कलती करून बसलो होतो, हे कबूल. एका संध्याकाळी मात्र माझ्या तोंडून, मग काय झालं, असं निघून गेलं. मी स्वतःच दचकलो. ही पुढे सांगत राहिली.

दादा, मला हे फार आवडतं आहे. घरी जायची मला घाई असते, असं मी या वयात कोणाला सांगेन असं वाटलं नव्हतं. आणि भीतीही तेवढीच वाटते. मान सरळ झाली की तिला पुन्हा भिंत दिसेल, आणि ती पुन्हा पडद्यांबद्दल पडद्यांशीच बोलायला लागेल. मी ऐकतो आहे हे तिला दाखवायला माझ्याकडे या मानेखेरीज दुसरं काही नाही.

वहिनींना नमस्कार सांगावा. गुडघ्याला शेक देत राहावं.

आपला,
बहिणीचा नवरा

ता. क. : चष्मा अगदी सावकाश करावा. यंत्र बिघडलं आहे, काच मागवली आहे, कारागीर गावी गेला आहे, यांतलं तुम्हाला शोभेल ते हिला कळवावं. दोन-तीन महिने मिळाले तर मला ऐकायचं वळण लागेल असं वाटतं.

आणखी ता. क. : वडिलांच्या चष्म्याबद्दल मी कोणाकडे काही बोललेलो नाही. चष्मा येण्याची वाट बघत असेपर्यंत बोलणारही नाही.

आणखी एक : पाकीट मी स्वतः चिकटवलं आहे. पत्ता तेवढा हिच्याकडून लिहून घेतो, कारण तुमची गल्ली मला दोनदा दिसते.

दादा,

पाकीट ह्यांनी चिकटवलं नाही, डिंक टेबलाला लावला. म्हणून वाचलं. चष्मा ताबडतोब पाठव, परवा हे पुन्हा जिन्यात घसरले, ते बरं लिहिलं नाही.

मान नसेमुळे कलती आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. डॉक्टरीणबाईंनी दाराशी फिल्म परत देताना मलाही सगळं समजावलं होतं. मग काय झालं, असं माणूस कुठल्या नसेने विचारतो, ते मी त्यांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, बारांतल्या कुठल्याच नाही.

शाळेला मी हो कळवलं आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही, कारण मी खाली बसून भाजी निवडत बोलायला लागले की ह्यांना माझ्या दोन दिसतात, एकीवर एक, आणि हे वरच्या मला उत्तर देतात. या वेळी उत्तर मला पाहिजे आहे.