उष्टं पाणी

२ डिसेंबर
पोचले एकदाची! नाशिकहून वर्ध्याला रेल्वेने, तिथून आंजीपर्यंत एसटीने आणि पुढे तुरीच्या शेतांमधून रूपरावजींच्या मोटारसायकलवर. रूपरावजी आणि मनकर्णाबाई माझे घरमालक. मुलं पुण्याला, घर रिकामं, म्हणून गावात येणाऱ्या आरोग्यसेविकेला ते मागची खोली देतात. मनकर्णाकाकूंनी नवा माठ धुऊन, भरून ठेवला होता. तो त्या स्वतः रोज भरणार म्हणे. जेवायला ओल्या तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, गरम भाकर. पहिलीच नोकरी आणि इतकी मायेची माणसं!

५ डिसेंबर
नव्या विषाणूची पत्रकं आली. घरोघरी फिरून सांगितलं: खोकताना तोंडावर रुमाल धरा, साबणाने हात धुवा, आजारी माणसाची खोली आणि भांडी वेगळी ठेवा, दम लागला तर वाट पाहू नका, सरळ सेवाग्रामच्या दवाखान्यात न्या. या आजारात चिकट लाळ सुटते आणि तिच्यातूनच तो पसरतो, हेही बजावलं. ऐकता ऐकताच एकाने माझ्या चपलेशेजारी खाकरून बेडका टाकला. शिसारी आली. तशीच पुढच्या घरी गेले.

८ डिसेंबर
रूपरावजींना ताप. खालच्या ओठावरून लाळेची तार लोंबते, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी, पुसली तरी तुटत नाही. मास्क, हातमोजे घालून तपासलं. त्यांना ओसरीच्या खोलीत ठेवा, ताट वेगळं करा, असं सांगितलं तर काकू चिडल्या. "नवऱ्याले वाळीत टाकू काय वं? जिंदगीभर एकाच ताटात जेवलो आमी."
संध्याकाळी डोकावले. त्यांना गिळवत नव्हतं. काकूंनी त्यांच्या तोंडातला चावलेला घास बोटाने काढला आणि स्वतः खाल्ला. मग बोटंही चोखली.
मी मोरीत जाऊन ओकले. माठातलं पाणी प्याले तेव्हा बरं वाटलं. थोडं गुळचट लागतं.

१० डिसेंबर
काकूंनाही लाळ सुटली आहे. पण दोघं कण्हत नाहीत, हसतात. त्यांना फक्त जवळ यायचं असतं. बोलताना तोंड माझ्या मास्कला टेकेल इतकं जवळ.
शेजारचे नानाजी ओसरीवर चहा पीत होते. रूपरावजींनी त्यांचा कप घेतला, त्यात लाळ सोडली, परत दिला. नानाजींनी सगळं पाहिलं होतं. त्यांनी कप तळापर्यंत चाटला. त्यांचीही हनुवटी चकाकत होती.
तालुक्याच्या डॉक्टरांना फोन केला. पथक पाठवतो म्हणाले, तोवर कुणाच्या जवळ जाऊ नका.

११ डिसेंबर
माठ घासायला उपडा केला. वरचं पाणी सांडलं. मग तळाचं आलं. ते सांडलं नाही, लोंबलं. जाड, दोरीसारखं, आणि त्यात सुपारीची खांडं. सुपारी काकू खातात.
मी रोज त्यातलंच प्याले. रोज.
जाब विचारला तर त्यांनी ओल्या पदराने माझं तोंड पुसलं. "एकटी काऊन राहून राह्यली वं तू? आता कसी आमच्यातली झाली."
घशात बोटं घालून ओकले. दात घासले, जीभ खरवडली, रक्त आलं. वास जात नाही.

१२ डिसेंबर
ताप आहे. कडी लावून घेतली. खोली वेगळी, भांडी वेगळी, सगळं लोकांना सांगितलं तसंच.
दोघं दाराशी. बाहेर येजो वं जेवाले, म्हणतात. दाराची फट चाटतात. आवाज ऐकू येतो—
उशी ओली. माझ्याच लाळेने. किळस येते, आणि तरी ती पुन्हा पुन्हा गालाखाली—
पथकाला फोन लागला. मास्क काढू नका, या घरातलं काही पिऊ नका, एवढं सांगायचं होतं. जीभ वळेना. त्यांना काही कळलं नसावं.

१३ डिसेंबर
पथकाची गाडी आली. खिडकीतून दिसतात. काकू चहा देतायत—
ओरडले. तोंड भरलेलं. नुसता बुडबुडाट.
एकाने मास्क हनुवटीखाली ओढला. कप घेतला—

वही खिडकीतून टाकते. कुणीतरी उचलेल. उचलणाऱ्याने हातमोजे घालावेत. पान उलटायला बोट जिभेला लावू नये. पानं ओली आहेत ती घामाने नाहीत. प्रत्येक पान लिहून झालं की मी ते चा—