लाल-हिरवं मलाही कळतं

लालबाग,
ता. १२ ऑगस्ट २०२५

चि. मनवा हिस,

तुझ्या बापाच्या आईचा आशीर्वाद. ती कोण, हे आठवायला जरा वेळ घे, मी थांबते. आठवली? तीच, जिच्या खिडकीपाशी तुझं टेबल अजून तसंच मांडलेलं आहे.

इकडे सगळे बरे. गुडघा आपल्या जागी दुखतो. मंडपाचे बांबू आले, गल्लीत चालायला वाट नाही. हे पत्र शेजारची मेघना लिहितेय. फोनवर तू नुसतं "हं, हं" करतेस आणि मागे बोटं खटखट चालूच, म्हणून कागद.

"चाळीत गलका फार, आठवडाभर अँटॉप हिलला मामाकडे बसून काम संपवते," म्हणून गेलीस. लांबच लांब आठवडा असतो हो तिकडे.

काल विहीणबाईंचा, तुझ्या दुर्गाबाई आजीचा, फोन आला. जन्मभर कचेरीत नोकरी केलेली बाई, समजावून सांगायची हौस दांडगी. "लक्ष्मीबाई, आपली मनू काय करते ठाऊक आहे का?" आपली! मग माझ्या नातीचं काम मला समजावलं. म्हणे, एक मोठं गणित पुष्कळ यंत्रांना वाटून एकाच वेळी सोडवणारं सॉफ्टवेअर आहे. ते लिहिलंय एका भाषेत, वापरणारे दुसऱ्या भाषेतले. मधला सांधा तू जोडतेस, त्याला बाइंडिंग म्हणतात. मग इकडून सांगितलेलं तिकडे तसंच पोचतं का, याच्या चाचण्या लावतेस. "चुकलं की लाल ओळ, जमलं की हिरवी. मी शेजारीच बसते ना, लाल दिसली की हाक मारते."

गो चेडवा, लाल-हिरवं मलाही कळतं! त्याला शाळा लागत नाही. मला कधी म्हणालीस, "आजी, बस इथे"? मला वाटायचं, तिथे नुसती अक्षरंच असणार. चहा ठेवायची नि मागच्या मागे सरकायची.

मला काही वाईट वाटलेलं नाही. (मेघना हसतेय. तिला म्हटलं, तू लिही.) बसू दे दुर्गाबाईंना. चष्मा जाड आहे त्यांचा, एखादी लाल ओळ सुटेलच.

आज तुझा मामेभाऊ शंतनु तुझा मोठा स्क्रीन न्यायला आला. "मनूताई आता आमच्याकडेच राहणार, बाबांनी तिला खोली रिकामी करून दिलीय," म्हणाला. हे मला त्याच्या तोंडून कळायचं! स्क्रीन नेऊ दिला. वायर मात्र पदराखाली धरली आणि म्हटलं, सापडत नाही बाबा. हवी तर तुझी तू येऊन शोध.

इथवर झाल्यावर मीही चाचणी लावली. मसाल्याच्या चक्कीवरचे शामराव आले होते, त्यांना म्हटलं, हे मोठ्याने वाचा. सगळं बरोबर निघालं, फक्त कडेला समासात एक ओळ जास्त: "मनू, तुझ्याशिवाय घर खायला उठतं." मी असं बोललेच नव्हते. मेघनाला धरलं, तर म्हणते, "आजी, मघापासून दुसरं काय सांगताय?"

शामराव म्हणाले, "खोडू काय?"

राहू दे म्हटलं. कागद खराब दिसतो.

तुझ्याकडून खुर्ची मागायला लाजलेली,
आजी

ता. क. शंतनु रविवारी पुन्हा येणार आहे. त्याच्याबरोबर विहीणबाईंच्या हातची वालाची उसळ पाठव. बिनमाशाच्या घरात तुला धरून ठेवणारं असं काय शिजतं, ते मला चाखून बघायचंय. छोटा डबा पुरे, आणि मी मागितली असं त्यांना सांगू नकोस.