उकंडा गुरुजींचा नमुना पाठ

घाटंजी, १२ सप्टेंबर १९६३

प्रिय उकंडा,

तुझी खुशाली विचारून सुरुवात करायला हवी, पण खरं सांगू? गेला महिनाभर तुझं नाव निघालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. यवतमाळच्या वसतिगृहात एका ताटात जेवलो आपण, तरी होतो. नागपूरच्या इंग्रजीच्या प्रशिक्षणासाठी दोघांनी अर्ज केला आणि निवड तुझी झाली, तेव्हा शाळेत पेढे मीच वाटले. माझ्या वाटणीचा पेढा मात्र तसाच डब्यात ठेवला.

मग प्रशिक्षण संपवून तू आमच्या शाळेत नमुना पाठ घ्यायला आलास आणि हेडमास्तरांना नेमका माझाच सहावीचा वर्ग सापडला. मी मागच्या बाकावर. आपण जसं शिकलो तसंच मी शिकवतो: आधी इंग्रजी वाक्य, मग त्याचं मराठी, मग घोकंपट्टी. तू तासभर मराठीचा एक शब्द काढला नाहीस. चालता चालता 'आय ॲम गोइंग टू द डोअर' म्हणालास आणि पोरांकडूनही तसंच करून घेतलंस. आणि जमनी उठली! तांड्यावरच्या भीमसिंगची जमनी, शाळा सुरू झाल्यापासून माझ्या तासाला तोंड न उघडलेली. दारापर्यंत गेली, खणखणीत बोलली आणि तुझ्याकडे बघून हसली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तुझ्या इंदूवहिनीने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणालो.

जाताना तू पोरांना सांगून गेलास की घरी कामं करतानाही असंच बोलत राहा. बाकीचे विसरले. जमनीने मात्र तुझा शब्द पाळला. चूल पेटवताना, शेळी सोडताना, पाणी भरताना ती एकटीच इंग्रजीत बोलायला लागली. तिची आजी सुखीबाई घाबरली. पोरीला बाहेरचं लागलं म्हणून गळ्यात ताईत बांधला आणि शाळा बंद केली. हे कानावर आलं तेव्हा आधी मला बरं वाटलं, उकंडा. घ्या म्हटलं नवी पद्धत! पण पोर माझ्याच वर्गातली. रविवारी तांड्यावर गेलो.

भीमसिंग म्हणाला, "गुरुजी, समोर कोनी नसते अन् पोरगी बोलून राह्यते. आमी काय समजाव?" पुष्कळ सांगून पाहिलं, पटेना. शेवटी तांड्याचा कारभार पाहणाऱ्या नाईकांच्या घरासमोर, सगळ्यांदेखत मी लोटा उचलला आणि तुझा पाठ केला. आय ॲम टेकिंग द लोटा. आय ॲम गोइंग टू द डोअर. सुखीबाई मला कळावं म्हणून मुद्दाम मराठीत ओरडली, "अवं माय, हे तं मास्तरलेबी लागलं!" सगळे खो खो हसले. तेवढ्यात जमनी दाराआडून पुढे आली. तिने माझ्या हातून लोटा घेतला, पुढची वाक्यं म्हणत पाणी ओतलं आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ आजीला त्यांच्या बंजारा बोलीत, गोरबोलीत सांगितला. मराठी मध्ये आलीच नाही. घरात ती मराठी बोलतच नाही रे. माझ्या तासाला तिला दोन भाषा ओलांडाव्या लागत होत्या, तुझ्या तासाला एकच.

ताईत राहिला, शाळा सुरू झाली. पण माझ्या जिवाची जळजळ काही थांबली नाही. तांड्यावर माझ्या तोंडी वाक्यं तुझी होती, हातवारेही तुझेच. आणि सोमवारी आल्या आल्या जमनीने मलाच विचारलं, "ते गुरुजी कधी येतीन?"

आता पत्राचं कारण सांगतो. तुझी नेरची आणि इथली शाळा एकाच संस्थेची, म्हणून हेडमास्तर तुला इथे बदलून मागताहेत. सहावीचं इंग्रजी तुला, मला भूगोल. कागद याच आठवड्यात तुझ्या हाती पडेल. उकंडा, नाही म्हण. तू माझ्यापेक्षा चांगलं शिकवतोस, हे मी चारचौघांत कबूल करीन, पण तो वर्ग मला हवा आहे. दिवाळीच्या सुट्टीत नेरला येतो. तुझ्या अंगणात मला पोरांसारखं चालव, बोलायला लाव, चुकलो तर वहिनींसमोर टोक. जमनीचं भलं तू येण्यातच आहे, हे मला कळतं. तरीही म्हणतो, येऊ नकोस.

तुझाच,
तुझ्यावर अजून जळणारा
श्रावण