संत्र्यांच्या साली

३ डिसेंबर
अंग खाजतंय. पाठ, तळहात, तळपाय — सगळीकडे! पाठ खाजवायचा बांबूचा हात दिवसभर सोडवत नाही.
दाउनने गोळ्या देताना आज पुन्हा माझा तळहात उलटा करून बघितला. रोजचंच झालंय. सून आहे की ज्योतिषी? पोटच्या पोराचं जुळलं नाही, तेव्हा जूनमध्ये हिने स्वतःचं अर्धं लिव्हर कापून दिलं मला. म्हणून गप्प बसते.

५ डिसेंबर
आरशात डोळे पिवळे. लघवी बार्लीच्या चहासारखी तपकिरी. कळायचं ते कळलं. लिव्हर बिघडलं — तिचं लिव्हर! एवढा मोठा वण घेऊन फिरते ती. म्हणेल, माझंच खराब निघालं.
सांगायचं नाही.

६ डिसेंबर
जेजू बेटावरून संत्र्यांची पेटी आली. फार संत्री खाल्ली की हात पिवळे होतात, हे शेंबडं पोरही जाणतं. घशाखाली एक फोड उतरेना, पण वीस सोलली. साली टेबलावर, फोडी किमचीच्या, लोणच्याच्या फ्रिजमध्ये, तळाच्या डब्यात लपवल्या.
दाउन माझा हात बघून थबकली. मग साली दिसल्या. "अहो आई, किती खाल! माकड आहात का?" केवढी हसली! माझा जीव भांड्यात पडला.

९ डिसेंबर
घरातही काळा चष्मा. मुलगा म्हणतो, "आई, सिनेमात काम मिळालं का?"
मंगळवारची तपासणी थंडीचं निमित्त काढून पुढे ढकलली.

१५ डिसेंबर
थंडी वाजून ताप. दाउनने माझा चष्मा काढला. डोळ्यांत बघितलं. लगेच टॅक्सी बोलावली.

१६ डिसेंबर
पित्ताची नळी. तिचं लिव्हर माझ्या नळीला जिथे शिवलं, तिथेच आवळलीय. तोंडातून दुर्बीण घालून दीड तास खटपट केली — तार पलीकडे जाईना! डॉक्टर म्हणाले, "दहा दिवस आधी आला असतात तर..."
उद्या बरगड्यांमधून सुई घालणार. तेही जमलं नाही तर दुसरं लिव्हर. आता कोण देणार?

१७ डिसेंबर
भीती वाटते. सकाळपासून दाउनकडे बघितलेलं नाही.

१८ डिसेंबर
काल तार गेली! नळीत फुगा फुगवून वाट मोठी केली, आत प्लास्टिकची नळी ठेवली. दर तीन महिन्यांनी बदलायची, वर्षभर तरी. तिला बाहेरून जोडलेल्या पिशवीत काळपट हिरवं पित्त उतरतंय. इतकी घाण गोष्ट बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.
डॉक्टरांना दोनदा विचारलं. "लिव्हर उत्तम आहे आजी, फक्त सांधा आवळला." मी ओरडलेच, "ऐकलंस का गं? तुझं लिव्हर उत्तम!"
ती रडायला लागली. आनंदाने असेल.

१९ डिसेंबर
आनंदाने नव्हतं.
"आई, माझ्या नळ्या बारीक आहेत, सांधा आवळू शकतो, हे डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. तुम्ही सह्या करताना ती पानं मीच भराभर उलटली. वाचलं असतंत तर माझं लिव्हर घेतलंच नसतंत." मग माझा हात हातात घेतला. "म्हणून तर रोज तळहात बघत होते."
आणि मी तिला साली दाखवत होते.