अख्खा नारळ

रविवार, संध्याकाळ. नवनगर.

तरली. अंगणात प्लायवूड कापून, वर फायबरग्लास चढवून मी बांधलेली मोटारबोट आज उणकलच्या तळ्यात चालली.

सकाळपासून मनात तो एक बुडबुडाच होता. तळाशी फायबरखाली हवा राहिली होती. कापून, घासून पुन्हा थर दिला. पण धरला असेल का?

अक्का नारळ घेऊनच आली. "टोकावर फोडते, नाहीतर बुडशील."

"तडा जाईल, अक्का. शिवाय जन्मभर भाषणांतून ज्या कर्मकांडाला विरोध केला, ते स्वतःच्या होडीवर करू?"

"मग मीही बसते. पाणी आलं तर तुझी भाषणं बंद."

नारळ मांडीवर घेऊन ती खरंच बसली. हिला पोहता येत नाही, आणि माझ्या थरावर हिचा जीव. इंजिन सुरू केलं. एक हात सुकाणूवर, दुसऱ्याची बोटं त्या बुडबुड्याच्या जागी. तळ्याच्या मध्यावरही कोरडी.

अक्काने वाकून स्वतः हात फिरवला. "होगली बिडो, जाऊ दे. बोल आता जन्मभर."

मी होडी काठाकडे वळवली. नारळ अख्खा घरी आला. आत्ता स्वयंपाकघरात अक्का त्याची चटणी वाटते आहे.