नेल्लिमूलेची आण

॥ श्री ॥
म्हैसूर, ३ डिसेंबर १९६६

चि. परमेश्वरीस अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सुपारीचोर सापडला, तोही स्वतःहून कबूल झाला, हे वाचून मी पाठशाळेतल्या सगळ्या पंडितांना कॉफी पाजली. दोन वर्षं एकमेकांच्या अंगणांकडे संशयाने बघणारं गाव एका आणेने शहाणं झालं म्हणायचं! देवळाच्या ओट्यावर मी सत्यावर बोललो तेव्हा अर्धे लोक पेंगत होते. पण उरलेल्या अर्ध्यांनी त्यांना उठवून गावच्या राखणदार दैवाच्या कट्ट्यापुढे नेलं, आणि शिवेच्या आत कुणी खोटं बोलणार नाही अशी सगळ्या गावाने मूठभर तांदूळ घेऊन आण घेतली. या कलियुगात नेल्लिमूलेपुरतं कृतयुग उतरलं आहे आणि त्याचा उपाध्याय तुझा भाऊ आहे. हसतेस ना? हस.

शेजारच्या शाम भटाने लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याला तोंडावर सांगितलं, की तुझं सारू भांडी विसळल्या पाण्यासारखं लागतं. त्यात वाईट काय झालं? तीस वर्षं तो तेच वाढतो आहे.

वारिजासाठी स्थळं बघायला लागलीस हे उत्तम. तिचे वडील नाहीत, तेव्हा कन्यादान मीच करणार. रजेचा अर्ज लिहूनच ठेवला आहे, तारीख तेवढी भरायची आहे. मायेत खंड नसावा.

तुझा,
तिरुमलेश्वर

॥ श्री ॥
नेल्लिमूले, २० जानेवारी १९६७

ती. अण्णास परमेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

तुझ्या कृतयुगाचा मुक्काम वाढला आहे. दैवापुढची आण आपण नेहमी मुदत बोलून घेतो, दैवाच्या अमुक कोल्याच्या जत्रेपर्यंत, तमुक पिकापर्यंत. या खेपेस तुझ्या भाषणाने सगळे असे भारावले होते, की मुदत बोलायचीच राहिली. आता थोरले म्हणतात, ही आण मरेपर्यंत, आणि पोराबाळांनाही.

विटलकडचे लोक वारिजासाठी आले होते. रीतीप्रमाणे आमच्याकडे येण्याआधी शेजारी विडा खायला बसले. शाम भट बिचारा पानावर पान कोंबत होता, तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही म्हणून. पण तोंड कधीतरी रिकामं होतंच. मुलगी सोन्यासारखी, गळा गोड, हात कामसू, सगळं सांगितलं त्याने. मग त्यांनी विचारलं, काही दुखणंबिखणं? तेव्हा सातव्या वर्षी तिला दोनदा फेफरं आलं होतं, हेही त्याला सांगावं लागलं. पंधरा वर्षांत पुन्हा काही नाही, मंगळूरच्या डॉक्टरने तसं लिहून दिलं आहे, असं तो म्हणेपर्यंत ते चपला शोधत होते. संध्याकाळी मागल्या दारी येऊन रडला. म्हणाला, अक्का, मला शिव्या दे. मी दिल्या.

अशी तीन स्थळं गेली. वारिजा आता पाहुणे यायचे म्हटलं की गोठ्यात जाऊन बसते. परवा तिने मला विचारलं, की मामा शिवेबाहेर राहतो म्हणजे त्याला खोटं चालतं का. मला पापड आठवले. गेल्या वर्षीच्या माझ्या फणसाच्या पापडांचं तू पानभर कौतुक केलंस, आणि ते बुरसले होते असं वहिनीने कळवलं. लोभ आहेच, पण सध्या तो ताणून धरावा लागतो.

परमेश्वरी

॥ श्री ॥
म्हैसूर, २ फेब्रुवारी १९६७

चि. परमेश्वरीस अनेक आशीर्वाद.

पापडांचा गुन्हा कबूल.

शाम भट चुकला असं म्हणायला जीभ रेटत नाही. उद्या आपण मुलगा बघायला गेलो आणि त्याचं दुखणं शेजाऱ्याने लपवलं, तर त्या शेजाऱ्याला आपण सज्जन म्हणू का? पण गंमत बघ. विटलात कुणी आण घेतलेली नाही. त्यांच्या घरांतली वेडं, व्यसनं, पळून गेलेले काका, सगळं शेजाऱ्यांच्या पानसुपारीखाली सुखरूप आहे. साऱ्या मुलखाने खरं बोलायचं ठरवलं, तर घराघरातून एकेक फेफरं निघेल आणि कुणाला नाकारायला कुणी उरणार नाही. एकट्या गावाने ठरवलं की तेवढंच गाव उघडं, बाकीचे धोतर नेसून बघायला मोकळे. ओट्यावर बोलताना हे मला सुचलं नाही. शास्त्रात वीस वर्षं घालवली, आणि एवढं सुचायला पोरीची तीन स्थळं जावी लागली.

फाल्गुनात कोला आहे. दैवापुढे घेतलेली आण दैवच सोडवू शकतं. गावाने एकमुखाने मागावं, ते नाही म्हणणार नाही. मी आलो असतो, पण परीक्षा आहेत. आशीर्वाद आहेतच.

तिरुमलेश्वर

॥ श्री ॥
नेल्लिमूले, १० एप्रिल १९६७

ती. अण्णास सा. न.

कोला झाला. आण सोडवून घ्यायची असं घरोघरी ठरलं होतं, त्यासाठी सगळं गाव झाडून आलं होतं. सकाळी पात्रीच्या अंगातल्या दैवापुढे थोरल्यांनी मागणं घातलं. दैवाने ऐकून घेतलं आणि म्हणालं, देतो. ज्याला ज्याला खोटं बोलायची मुभा हवी, त्याने पुढे यावं, सगळ्यांदेखत हात पसरावा.

अण्णा, दोनशे माणसं आपापल्या पायाचे अंगठे बघत होती. सावकार वर आभाळात बघत होता. शाम भटाची बायको त्याला कोपराने ढोसत होती, तो जागचा हलेना. मी गेले. पदर पसरला. दैवाने त्यात पोफळीचा तुरा टाकला. बाकीच्यांना विचारलं, अजून कुणी? कुणी नाही.

पंधरा दिवसांनी सुळ्याकडून स्थळ आलं. फेफऱ्याचं त्यांना शाम भटाने सांगितलं, तरी ते आमच्याकडे आले. मुलगा स्वतः म्हणाला, लहानपणचं दुखणं कोण धरून बसतो. त्याच्या वडिलांनी मला एवढंच विचारलं, की त्यानंतर पुन्हा कधी आलं का. मी म्हटलं, नाही, एकदाही नाही. देवाशपथ खरं होतं ते. ते हसले. म्हणाले, बाई, साऱ्या गावात खोटं बोलायची मुभा तुम्हा एकट्यांनाच आहे असं शेजारी कळलं. मी डॉक्टरचा कागद काढेपर्यंत ते कॉफी तशीच ठेवून उठले.

मुलगा दारात घुटमळला, वडिलांनी हाक मारली तसा गेला. वारिजा दाराआड उभी होती. त्या दिवसापासून ती बोलत नाही. जेवण पुढे ठेवलं तर दोन घास खाते.

परमेश्वरी

म्हैसूर, १८ एप्रिल १९६७

चि. परमेश्वरी,

आज काही विनोद सुचत नाही. पाप माझं आहे. दोष द्यायचा तर मोकळेपणाने दे, मी घ्यायला तयार आहे. परीक्षेचं कारणही खोटं होतं. मला गावापुढे यायची लाज वाटली.

वारिजा कशी आहे? खरं असेल ते लिही.

अण्णा

॥ श्री ॥
नेल्लिमूले, ६ मे १९६७

ती. अण्णास परमेश्वरीचा शि. सा. नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. वारिजा छान आहे, पोटभर जेवते, दिवसभर गुणगुणत असते. झालं गेलं ती विसरूनही गेली. शेजारीपाजारी पूर्वीसारखे येतात-जातात, गप्पा मारतात. सुळ्याचे लोक पुन्हा येणार आहेत. तू मनाला लावून घेऊ नकोस, यायची घाईही करू नकोस. वहिनीला नमस्कार. तुझी माया अशीच राहो. माझा तुझ्यावर काडीचाही राग नाही.

तुझी,
परमेश्वरी